काचेतली ओहोटी

तुळसा गावकरणीने सुनेची तारीफ केली, असं तारीवाडीत कोणी येऊन सांगितलं असतं, तर लोकांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. करवंदीच्या जाळीत हात घालणं आणि तुळसाशी बोलणं सारखंच, असं खाडीच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत म्हणत. तुळसाला हे ठाऊक होतं आणि त्यात तिला काही गैर दिसत नव्हतं. काटे नसते तर करवंदं गुरांनीच खाल्ली असती.

सून किशोरी जामसंड्याची. तुळसाचा मुलगा ओंकार तिला लग्न करून घेऊन आला आणि स्वतः गोव्याला बोटीवर नोकरीला गेला. पोरगी रडत बसेल, असं वाडीने धरलं होतं. ती रडली नाही. वाडीतल्या पाच-सहा बायका गोळा केल्या, पडून राहिलेल्या होड्यांची भोकं बुजवली आणि शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना कांदळवनात फिरवायला लागली. बायका वल्ही मारतात हे बघायलाच पहिली दोन वर्षं लोक धक्क्यावर जमत. मग त्याच बायकांच्या घरावर नवी कौलं चढली तेव्हा बघणाऱ्यांची तोंडं आपोआप मिटली. तुळसा तेव्हा सुनेला एवढंच म्हणाली होती, की होडी चालवतेस ती चालव, पण तुझी आमटी अजून पांचट होते.

पुढे सरकारने खाडीचा तो काठ कांदळवन उद्यान म्हणून धरला आणि धक्क्यालगत एक ऐसपैस हॉल बांधून दिला. वर पाटी लावली, ‘माहिती केंद्र’. पाटी मोठी आणि माहिती थोडी, अशातली गत. आत दोन फ्लेक्स लटकत होते. उन्हाने त्यांचा रंग असा उडाला होता, की बगळा कुठला आणि ढग कुठला ते कळू नये. तिसऱ्या फ्लेक्सवर मगर होती. ह्या खाडीत कोणाच्या आजोबानेही मगर बघितलेली नव्हती, पण छापणाऱ्याकडे तेच चित्र तयार होतं म्हणे. मसुऱ्याच्या शाळेची पोरं एकदा सहलीला आली. हॉलमध्ये शिरली, एक गोल फेरी मारली आणि आइस्क्रीम कुठे मिळतं ते विचारत बाहेर पडली. किशोरी दारात उभी होती. तिचं तोंड तुळसाने त्या दिवशी बघितलं. चुलीवरचं दूध उतू जाऊन विझलेल्या निखाऱ्यासारखं झालं होतं.

त्या संध्याकाळी किशोरीने मनातलं सांगितलं. तिला हॉलमध्ये मोठी काचेची टाकी हवी होती. टाकीत खाडीचाच चिखल, खाडीचंच पाणी, कांदळाची कोवळी रोपं, कुर्ल्या आणि चिखलावर उड्या मारणारी निवटी मासळी. पंपाने पाणी हळूहळू वर चढायचं आणि हळूहळू उतरायचं. भरती आणि ओहोटी. बाजूने कपाटं, त्यांत वाडीतली जाळी, फेकून मारायचे पाग, कालवं काढायच्या कोयत्या. आणि मधोमध एक खरी जुनी होडी.

तुळसा तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, “खाडी दारात आसा, आणि तू ती काचेत भरुक बघतंस? फाल्या विहीर तांब्यात भरशीत.”

“आये, पावणे येतत ते भरतीच्या वेळार,” किशोरी म्हणाली. “होडी चलाक पाणी होया. तेंका नुसता पाणी दिसता आणि वर पाला. खाडी आपला सगळा पोटात लपवन बसता. ओहोटीक जा काय दिसता, ता बघुक चिखलात कोण उतरतलो?”

खुद्द तिनेच कितीतरी वर्षांत ओहोटी जवळून बघितली नव्हती. तरुणपणी गुडघाभर चिखलात उतरून कालवं काढणारी बाई ती. गुडघ्यांनी दावा मांडल्यापासून खाडी तिच्यासाठी पडवीतून दिसणारी एक चकाकणारी रेघ उरली होती. तिने सूप दोनदा उगाच आपटलं आणि आत गेली.

टाकी काही फुकट होणार नव्हती. वनखात्याच्या साहेबांनी सांगितलं, अर्धा भार आम्ही उचलू, अर्धा गावाने उचलावा, आणि दिवाळीच्या आत गावाचा शब्द मिळावा. नाही मिळाला तर? तर हॉल पंचायतीचा, पंचायतीने त्याचं काय ते करावं. पंचायतीकडे अर्ज येऊन पडलाच होता. बांद्याला हायवेवर ज्याची खानावळ जोरात चालते, त्या गृहस्थाला हॉल भाड्याने हवा होता, पाठीमागच्या धक्क्यासकट. सुरमईचं ताट आणि जोडीला त्याच्या स्वतःच्या मोटरहोड्या. माणूस वाईट नव्हता. धंदा करणाऱ्याने धंदा बघितला. पण हॉल गेला की धक्का जाणार होता, आणि धक्का गेला की बायकांच्या होड्या माडाच्या बुंध्याला बांधून पुन्हा भोकं पडायची वाट बघत बसणार होत्या. किशोरीने जे उभं केलं ते सगळं त्या एका हॉलला टांगलेलं होतं.

पाऊस ओसरताच किशोरी घरोघर निघाली, आणि तुळसा, कोणी बोलावलं नसताना, तिच्यासोबत. म्हणाली, “तू मागतलंस, मी बघतंय कोण नाय म्हणता ता.”

नाही कोणीच म्हणालं नाही. तीच तर अडचण. तारीवाडीत देणाऱ्याचे हात हजार, पण ते सगळे चहाचा कप पुढे करायला. दत्तप्रसाद सरपंच, काजूचा कारखाना असलेला माणूस. त्याने दोघींना पंख्याखाली बसवलं, काजूगर बशीत घालून दिले आणि टाकीची कल्पना फार उत्तम आहे असं तीन वेळा सांगितलं. टाकीची काच आणि पंप त्याने द्यावा, अशी किशोरीने भीत भीत गोष्ट काढली तेव्हा तो छताकडे बघून म्हणाला, की सातेरीदेवीच्या मनात असलं तर काय कमी आहे. लिनो सुताराच्या घरी माळ्यावर फणसाच्या जुन्या, पिकलेल्या फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. कपाटांना त्यापरतं लाकूड नाही. पण त्या लिनोने स्वतःच्या शवपेटीसाठी राखल्या होत्या आणि दर पावसाळ्यानंतर उतरवून पुसायचा. त्याची बायको डोरथी म्हणाली, की हा जिवंतपणी खाटेवर झोपायला कुरकुरतो आणि मेल्यावर फणसात झोपायचं म्हणतो. लिनोने मान हलवली. देवाची इच्छा असेल तसं होईल, म्हणाला.

शेवटचं घर सत्यवानाचं. सत्यवान म्हणजे तुळसाचा धाकटा दीर. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्याकडे, म्हणून चालताना छाती जरा पुढे. त्याच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, बापजाद्यांची उलांडीची होडी होती. एका आंब्याच्या खोडातून कोरलेली, आणि कलंडू नये म्हणून बाजूला आडवं लाकूड, म्हणजे उलांडी, बांधलेली. पाण्यात गेली नव्हती त्याला जमाना झाला. सध्या ती पालथी होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. किशोरीने ती होडी केंद्रासाठी मागितली.

सत्यवानाने होडीकडे बघितलं नाही, कोंबड्यांकडे बघितलं. म्हणाला, “बघूया. देवाच्या मनात आसात तर होतला.”

परत येताना पाणंदीच्या वळणावर किशोरी थांबली आणि पदराने तोंड पुसल्यासारखं केलं. तुळसाने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं करून एका माडाच्या झावळीला शिव्या दिल्या. मग म्हणाली, “गावात सगळ्यांनी आपली मना देवाकडे ठेवायला दिली हत. घरोघर फिरान काय होवचा नाय. मगे देवाकच सांगूक होया.”

किशोरीला वाटलं, सासू देवळात नवस बोलणार. सासूच्या मनात नवस नव्हता.

तारीवाडीची रीत अशी, की पावसानंतर होड्या पुन्हा पाण्यात घालायच्या दिवशी धक्क्यावर खाडीला नारळ द्यायचा आणि त्याआधी गाऱ्हाणं घालायचं. सगळी वाडी जमते. लिनो आणि डोरथीही येतात, कारण खाडी काही देऊळ आणि इगर्ज, म्हणजे लिनोचं चर्च, बघून पाणी वाटत नाही. सत्यवान नारळासमोर उभा राहतो आणि देवाला हाक मारून एकेक मागणं मोठ्याने मागतो. प्रत्येक मागण्याशेवटी सगळ्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. म्हणजे गावाने मागणं आपलं केलं. एकदा ‘व्हय’ म्हटलं आणि वर नारळ फुटला, की तो शब्द गावाचा. तो मोडलेला अजून कोणी बघितलेला नाही.

आणि दुसरी रीत अशी, की ज्या घरचं काम, त्या घरचं वडील माणूस गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या खांद्याशी उभं राहतं आणि काय मागायचं ते त्याच्या कानात सांगतं. होड्यांचं काम किशोरीचं. घरचं वडील माणूस तुळसा.

सत्यवानाला तुळसा आयुष्यभर ओळखत होती. गाऱ्हाण्याची लय लागली की हा डोळे मिटतो, अंग मागे-पुढे झुलवतो, आणि मग कानातून आत गेलेलं थेट तोंडातून बाहेर पडतं. वाटेत डोक्यात थांबत नाही.

त्या दिवशी ऊन कोवळं होतं आणि भरती चढत होती. बायकांनी होड्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. एका कडेला परातीत प्रसादाचे गोड पोहे होते, त्यांवर सगळ्यांचा अर्धा डोळा. सत्यवानाने नारळ मांडला, डोळे मिटले आणि सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, सातेरी माये, आज ही तुझी लेकरां होडये पाण्यात घालतत, तेंची राखण कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“वाऱ्यापाण्यापासना, वाकड्या नजरेपासना सांभाळ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

दरवर्षीचंच होतं. लोकांचे ओठ हलत होते आणि मन पोह्यांत होतं. लय बसली. सत्यवान झुलायला लागला. तुळसाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि सत्यवानाच्या तोंडून पुढचं मागणं आलं.

“आणि ह्या जा केंद्र बांदलेला आसा, ता रिकामा ऱ्हवता नये रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“दत्तप्रसादाचो काजूचो कारखानो भरभराटीक येवंदे, आणि टाकीची काच नि पंप तेच्या हातान होवंदे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” वाडी म्हणाली, आणि वाडीत दत्तप्रसादही होता. हात जोडलेले, डोळे पोह्यांच्या परातीवर. शब्द तोंडातून गेल्यावर त्याच्या भुवया एकमेकींना भेटायला निघाल्या. पण तोवर पुढचं मागणं सुरू झालेलं होतं.

“लिनोक शंभर वर्सांचा आयुष्य दी, आणि तेच्या माळयावरच्या फणसाच्या फळयांची कपाटां होवंदेत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” ह्या खेपेला सगळ्यांत मोठा आवाज लिनोचाच होता. शंभर वर्षांवरच तो खूश झाला होता. डोरथीने मान वळवून नवऱ्याकडे असं बघितलं, जसं मांजर आपणहून पिंजऱ्यात शिरलेल्या उंदराकडे बघतं.

किशोरी मागे होडीची दोरी धरून उभी होती. तिच्या हातातली दोरी सैल झाली. तिला कळलं होतं. तुळसाने तिच्याकडे बघितलंच नाही. ती पुन्हा कानाशी वाकली.

“आणि हो सत्यवान,” सत्यवान मिटल्या डोळ्यांनी भरदार आवाजात म्हणाला, “आपली वाडवडलांची उलांडीची होडी केंद्राक देता, ती मान्य करून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

समोरच्या काठावरून बगळे उडाले. सत्यवानाचे डोळे उघडले. झुलणं थांबलं. तो वहिनीकडे वळला आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तुळसा हात जोडून, अगदी भाविक तोंड करून उभी. गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकता येत नाही आणि बोललेलं गिळता येत नाही. सगळी वाडी आता जागी झाली होती. कोणीतरी मागे खोकल्याच्या आडून हसलं.

पण सत्यवानही त्याच घरचा. त्याने डोळे मिटले नाहीत. तुळसाकडे बघतच, कानात कोणी काही सांगितलेलं नसताना, त्याने पुढचं मागणं घातलं.

“आणि ही तुळसा. हिच्या जिभेक तू धार दिलंस. ती धार घरात सुनेवर फुकट जाता. ती हयसर उपयोगाक लाव. हिना रोज हय बसान पावण्यांका खाडीची गजाल सांगूची रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” एवढ्या मनापासून तारीवाडी त्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाली. पोह्यांचं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

सत्यवानाने नारळ उचलला. समोर काळा दगड होता. आता एक फटका, की काच, पंप, फळ्या, होडी सगळं पक्कं. किशोरीची टाकी झालीच म्हणायची. तुळसाला गालातल्या गालात हसू आवरेना. स्वतः त्या जाळ्यात सापडली त्याचंही तिला काही वाटत नव्हतं. मासा मोठा मिळाला तर पाग ओला होणारच.

तेवढ्यात किशोरी पुढे आली आणि तिने नारळावर हात ठेवला.

“काकानू, वायच थांबा.”

सत्यवान थांबला. किशोरी लोकांकडे वळली. चार माणसांत मोठ्याने बोलायची तिला सवय होती, ती पाहुण्यांसमोर. गावासमोर ती पहिल्यांदा बोलत होती.

“ह्या माझ्या कामाचा मागणा,” ती म्हणाली. “माका ता होयाच आसा. पण असा नको. तुमी सवयीन व्हय म्हटलास. नारळ अजून फुटलो नाय. जेका देवचा नाय, तेना आताच सांगूचा. मी मनात धरूचंय नाय. आणि देवीय धरूची नाय.”

तुळसाच्या पायांतून आधी राग वर चढला. सोन्यासारखा हातात आलेला मासा ही बया पुन्हा पाण्यात सोडते आहे. दिवाळी तोंडावर आली. हॉल जाईल, धक्का जाईल, होड्या जातील, आणि ही विचारते कोणाला परत घ्यायचंय का. जिभेवर शब्द आलेही होते. पण तिने सुनेचे हात बघितले. नारळावर ठेवलेला हात तिथून हलत नव्हता. ज्या पोरीचं सगळं ह्या एका नारळात होतं, तीच तो फुटू देत नव्हती.

लोकांच्या मुठीतून काढून घेणं तुळसाला येत होतं. त्यात ती पटाईत होती, आणि त्याचा तिला गर्वही होता. पण मुठीत आलेलं, स्वतःला इतकं हवं असलेलं, पुन्हा उघड्या हातावर ठेवून ‘घ्या, न्या परत’ म्हणणं? ते तिला सात जन्मांत जमलं नसतं. सत्यवानाला नसतं, त्या काजूवाल्याला तर नसतंच. जामसंड्याहून आलेल्या, आमटी पांचट करणाऱ्या ह्या पोरीला ते जमत होतं. तुळसाने तोंड मिटलं. तिची जीभ अशी मधेच मागे फिरलेली तारीवाडीने ह्याआधी बघितली नव्हती.

धक्क्याखाली पाणी होड्यांना चापट्या मारत होतं.

सत्यवानाने नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्याने लांब, आपल्या मांगराच्या दिशेने बघितलं. मग घसा साफ केला.

“कोंबडेंका दुसरा खुराडा करूक होया,” तो म्हणाला.

एवढंच. पण त्या एका वाक्याने धक्का जणू सैल झाला. लिनोने बायकोला विचारलं, “डोरथी, माका इतक्यात न्हेतत काय गो?”

“तुका न्हेवन ते तरी काय करतले,” डोरथी म्हणाली. “दी त्यो फळये. माळो तरी मोकळो होतलो.”

आता सगळ्यांच्या माना दत्तप्रसादाकडे. मागे हटायला वाट होती, किशोरीने स्वतः उघडून दिली होती. गाऱ्हाण्यात अडकलेला माणूस रडत देतो, नंतर नावं ठेवतो. पण दार उघडं असताना बाहेर पडायचं, तेही लिनोने मरणाच्या फळ्या दिल्यावर, त्याला काजूवाल्यापेक्षा कठीण काळीज लागतं. त्याने चष्मा पुसला. म्हणाला, की काच घ्यायची तर जाड घेऊया, पातळ काच पोरांनी हात लावला की तडकते. आणि पंपही चांगल्यातला घेऊया, सारखा सारखा दुरुस्तीला नको. मग जरा थांबून, कोणाकडे न बघता त्याने विचारलं, की टाकीवर देणाऱ्याच्या नावाची लहानशी पाटी बसेल का.

“बसात,” तुळसा म्हणाली. “पण निवटीच्या डोळ्यार येवची नाय अशी.”

लोक हसले, दत्तप्रसादही हसला. मग मागून कोणी जुना पाग देतो म्हणाला, कोणी आजीची कालवं काढायची कोयती, कोणी टाकीखालचा कट्टा बांधायला चार दिवस गवंडीकाम. होडीवाल्या बायकांनी हंगामातली एकेक दिवसाची कमाई आपणहून सांगितली. घरोघर फिरून जे एका दारातून बाहेर आलं नव्हतं, ते धक्क्यावर न मागता येऊन पडायला लागलं.

किशोरी सासूकडे वळली. “आये,” तिने हळूच विचारलं, “तुमचा काय? तुमकाय मी सोडलंय हा.”

तुळसाने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“खुर्ची होयी,” ती म्हणाली. “पाठ टेकूची. बाकड्यार बसान मी बोलूचंय नाय.”

नारळ एका फटक्यात फुटला.

गावाचा शब्द दिवाळीआधी साहेबांकडे पोचला, आणि साहेब शब्दाला जागले. बांद्याच्या गृहस्थाने पुढच्या गावात जागा बघितली. जाताना तो किशोरीला सांगून गेला, की पाहुणे तुझ्याकडे खाडी बघतील आणि भूक लागली की माझ्याकडे येतील, तेव्हा माझं काही बिघडलं नाही.

थंडी पडली तेव्हा केंद्र तयार झालं होतं. मधोमध सत्यवानाची होडी, घासूनपुसून, तेल पाजून, आता सरळ ठेवलेली. तिच्यावरचे कोयत्याचे जुने घाव बोटांना लागत. सत्यवानाची एक कोंबडी मात्र नव्या खुराड्याला बधली नाही. ती रोज सकाळी हॉलमध्ये येई आणि होडीत बसून अंडं घाली. ते न्यायला सत्यवानही रोज येई. अंडं खिशात घालून झाल्यावरही तो बराच वेळ तिथे उभा राही, होडीच्या काठावर हात ठेवून. अंड्यासाठीच येतो, असं तो सांगे, आणि कोणी त्याला खोडत नसे. लिनोची कपाटं भिंतीला लागून होती. हात फिरवला तर साय लागावी तसं लाकूड. मगरीचा फ्लेक्स किशोरीने शेणीच्या ढिगावर घालायला दिला होता.

केंद्र उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने तुळसाला एकटीलाच नेलं. खुर्ची टाकीसमोर ठेवलेली होती. पाठ टेकायची. तुळसा बसली. टाकी गच्च भरलेली होती, हिरवट पाणी आणि वर चार पानं, बाकी काही नाही.

किशोरीने खालची कळ फिरवली.

पाणी उतरायला लागलं. आधी कांदळाची मुळं दिसली, चिखलातून वर आलेली, श्वास घ्यायला नाकं काढून बसल्यासारखी. मग चिखलाची पाठ दिसली, ओली, चकचकीत, तिच्यावर पाण्याचे बारीक ओघळ. एका भोकातून एक नांगी मोठी असलेली कुर्ली बाहेर आली आणि ती नांगी हलवून कोणाला तरी बोलवायला लागली. मग एक निवटी. ती मुळावर चढली, कपाळावरचे डोळे गरागरा फिरवले आणि टुणकन उडी मारून तुळसाच्या समोरच येऊन बसली.

तुळसाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. पायांना चिखल लागेल, असं तिला क्षणभर खरंच वाटलं. तिने काचेवर तळहात ठेवला. काच गार होती. किती वर्षं तिने हा चिखल बघितला नव्हता, आणि तो तसाच होता, तेवढाच गडबडीत, कोणाची वाट न बघता. पोरीने तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आणून दिला होता.

किशोरी बाजूला उभी होती, सासू काय म्हणते त्याची वाट बघत.

“पाणी वायच हळू सोड,” तुळसा म्हणाली. “खाडी इतक्या घायीन रिकामी जायत नाय.”

किशोरीने कळ थोडी मागे फिरवली.

नंतर पुन्हा मसुऱ्याची शाळा आली. तीच पोरं, एका इयत्तेने मोठी झालेली. ह्या वेळी कोणी गोल फेरी मारून बाहेर पडलं नाही. तुळसाने सगळ्यांना खाली बसवलं, एकाला गप्प राहा म्हणून सांगितलं, दुसऱ्याला नाकातलं बोट काढायला लावलं, आणि खाडी आता उघडणार आहे, बोललात तर ती लाजून बंद होईल, अशी धमकी दिली. पाणी उतरलं. पोरं गुडघ्यांवर पुढे सरकली. मग निवटीने उडी मारली आणि सगळी काचेवर जाऊन चिकटली.

त्यांच्यासोबत आलेल्या बाई तुळसाच्या खुर्चीशी आल्या. शहरातल्या वाटत होत्या. हे सगळं कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. तुळसाने पदर सारखा केला आणि कचेरीत बोलतात तसली मराठी काढली.

“हे आमच्या सुनेने केलं,” ती म्हणाली. “किशोरी नाव तिचं. गावाने दिलं, पण गावाकडून असं घ्यायला माणूसही तसं लागतं. तिच्यासारखं दुसरं माणूस तुम्हाला ह्या खाडीत मिळायचं नाही. मी पूर्ण खाडी बघितलेली आहे.”

होडीच्या पलीकडे किशोरी हातात फडकं घेऊन उभी होती. कधी आली होती कोण जाणे. तिचे डोळे भरलेले होते. तुळसाने तिला बघितलं, आणि कचेरीतली मराठी तत्काळ कचेरीत परत गेली.

“ऐकत काय रवलंस गो?” ती म्हणाली. “काच पूस. पोरांनी नाका लायली हत बग थय.”

किशोरी आली आणि पोरांच्या डोक्यांवरून हात घालून काच पुसायला लागली. आत निवटी मुळावर चढून बसली होती, आणि पाणी अजून उतरत होतं, अगदी हळू.